बाग कापली ती सकाळ

धुळ्याच्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवते. माणूस म्हणजे कोणी फार मोठा प्राणी, अशी कोणाची समजूत असेल तर ती मी पहिल्याच तासाला काढून टाकते. पेशी, रसायनं, थोडी वीज. बाकीचा साज आपला आपण चढवलेला. मुलं हसतात. एखादी विचारते, मग राग, प्रेम, पाप-पुण्य? मी सांगते, तीही रसायनंच. फक्त माणसाला आपल्या रागाकडे बघता येतं आणि थांबता येतं, तेवढ्यापुरता तो झाडापेक्षा वेगळा. हे वाक्य मला फार आवडायचं. गेल्या वर्षीपर्यंत.

गेल्या वर्षी एका रविवारी मी चोपड्याकडच्या आमच्या गावी होते. सकाळी चहा गाळत होते, तोच धाकटा भाऊ मळ्यातून ओरडत आला, "बठ्ठी केळी कापी टाकी!" आम्ही धावलो. अख्खी बाग आडवी. कमरेएवढे बुंधे तेवढे उभे, बाकी सगळं चिखलात. चिकाचा वास नाकात बसला. आमच्याकडे माणसाला हात लावायची हिंमत नसली की रात्रीतून त्याची केळी कापतात. पोलिसांत तक्रार होते, पेपरात चार ओळी येतात, कापणारा काही सापडत नाही. मला वाटलं, सापडला तर मीच त्याला उभा फाडीन.

कापणारा शोधायची भावाला गरजच नव्हती. बांधापलीकडे आमच्या चुलतभावाचा मळा. विहीर सामाईक, पाण्याच्या पाळीवरून दोघांचं आठवडाभर वाजत होतं. तुझी बाग उभी राहू देणार नाही, असं तो चारचौघांत बोलूनही बसला होता. भावाने खोपीतून कोयता काढला.

"तोच शे. दुसरं कोन ऱ्हाई?"

मी त्याला आडवी गेले आणि तेवढ्यात बुंध्यांकडे माझं लक्ष गेलं. प्रत्येक कापाच्या मधोमध गाभ्याचं कोवळं पान बोटभर वर सरकलं होतं. बाग कोवळी होती; निसवायला, म्हणजे घड बाहेर पडायला, अजून काही महिने होते. एवढ्या वयात केळीचा वाढता कोंब खाली जमिनीलगत, कंदातच असतो. वरून कितीही कापा, झाड मरत नाही, पुन्हा पानं टाकतं. केळी लावणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं. बाग खरोखर बुडवायची तर घड पडेपर्यंत दम धरावा लागतो. आमच्या चुलतभावाने जन्मभर केळीच लावली, तो असली चूक करणं शक्य नव्हतं. हे काम केळीत कधी हात न घातलेल्या कोणाचं तरी होतं.

मी भावाला ओरडून सांगितलं, "अरे, झाडं मरेल नही शेतस! हाई केळीवालानं काम नही शे!"

तो थांबला. वाकून त्याने एक बुंधा पाहिला, ते पान अंगठ्याने दाबून पाहिलं.

"माले ठाऊक शे," तो म्हणाला. "पन आज कोनतरी मराले जोयजे."

आणि चालू लागला.

तो अडाणीपणाने निघाला असता तर मी समजू शकले असते. पण पुरावा त्याच्या डोक्यात पोहोचला होता, पटलाही होता, आणि पाय तरीही बांधाकडेच चालले होते. नीट कळलं की माणूस हात आवरतो, हे मी इतकी वर्षं ज्या खात्रीने सांगत आले ते माझ्या डोळ्यांदेखत खोटं पडत होतं. पलीकडे चुलतभाऊ आमच्याकडे पाठ करून पाटाचं दारं फोडून पाणी वळवत बसला होता. केळ कंदातून पुन्हा जशीच्या तशी उगवते. ती मान एकदा तुटली की तो माणूस परत कुठून उगवणार होता? मला भावाचा असा संताप आला की दुसरं काही दिसेना.

मी बांधावरचा दगड उचलला आणि भावाच्या कोपरावर घातला. हाड मोडल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला. कोयता पडला. तो हात पोटाशी धरून चिखलात बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला.

काम झालं होतं. आता कोणी मरणार नव्हतं, हे मला कळत होतं. तरी दगड पुन्हा वर गेला, या वेळी त्याच्या डोक्यावर. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटत होतं.

मागून कोणीतरी माझं मनगट धरलं. ओरडा ऐकून चुलतभाऊ बांध ओलांडून धावत आला होता.

"अक्का, बस. मरी जाई तो."

त्याने पायाशी पडलेला कोयता पाहिला, मग आपल्या मळ्याकडे पाहिलं. तो कोणासाठी निघाला होता हे त्याला समजलंच असणार. तरी माझं मनगट त्याने सोडलं नाही. मी दगड टाकत नव्हते. शेवटी त्याला माझं एकेक बोट उघडावं लागलं.