टिचकीवहिनींचा कान

चिनी मातीची वस्तू समोर आली, की वहिनी आधी ती पाहायच्या नाहीत, वाजवायच्या. कप डाव्या हाताच्या तीन बोटांवर तोलायचा, कडेला अंगठ्याच्या नखाने टिचकी मारायची आणि मान कलती करून थांबायचं. कप धड असला, तर आवाज क्षणभर हवेत रेंगाळतो. तडा असला, तर जागच्या जागी बसतो. "हा खोकतोय," असं म्हणून वहिनी तो बाजूला सारायच्या. जुन्या वस्तूंच्या त्या लिलावघरात सगळे त्यांना टिचकीवहिनीच म्हणत.

ही विद्या सासऱ्यांच्या दुकानातली. सासऱ्यांचं कपबश्यांचं दुकान होतं. नवी सून गल्ल्यामागे उभी राहिली, त्या दिवशीच त्यांनी सांगितलं, "सूनबाई, गिऱ्हाइकाला कप वाजवून द्यायचा. फुटका माल परत आला की नाक जातं." वहिनींनी तेवीस वर्षं कप वाजवले. घरी चहा प्यायला बसल्या तरी हात राहायचा नाही. बस चालवून दमून आलेला नवरा म्हणायचा, "तपासणी झाली असेल तर चहा घेऊ का?"

सासरे गेले, दुकान विकलं गेलं आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी वहिनी लिलावघरात पॅकिंगला लागल्या. विकलेल्या वस्तू कागदात गुंडाळायच्या, खोक्यात भुसा घालून बसवायच्या. वस्तू पारखण्याचं काम चष्मेवाल्यांचं. त्यांच्या डोळ्यांवर एक चष्मा, कपाळावर दुसरा आणि गळ्यात दोरीला तिसरा असायचा. तीस वर्षांचा अनुभव, आणि शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

तिसऱ्याच महिन्यात वहिनींनी ती रेघ पुसली. चष्मेवाल्यांनी 'निर्दोष' ठरवून विकलेली चहाची किटली गुंडाळताना त्यांनी सवयीने वाजवली आणि हातातला कागद खाली ठेवला.

"साहेब, हिच्या तोटीला जोड आहे."

"बाई, भिंगाखाली पाहिलीय मी."

"पाहिली असेल. पण ही बोलत नाही."

बोलाचाली ऐकून लिलावघराच्या मालकीणबाई बाहेर आल्या. त्यांनी कापसावर रंग काढायचं औषध घेतलं आणि तोटीच्या बुडाशी चोळलं. वरचा रंग कापसावर उतरला, खाली जोडाची रेघ उघडी पडली. मालकीणबाईंनी तिथल्या तिथे गिऱ्हाइकाला फोन करून किटली परत घेतली आणि दुसऱ्या दिवशी वहिनींची खुर्ची तपासणीच्या टेबलाशी मांडली. "कानामागून आली आणि तिखट झाली," पॅकिंगमधल्या बायका म्हणाल्या, पण हसत. चष्मेवाले मात्र हसले नाहीत.

पुढच्या वर्षी वहिनी तोंडघशी पडल्या. एक उंच बरणी वाजवून त्यांनी "तडकलेली आहे" असं ठासून सांगितलं. चष्मेवाल्यांनी शांतपणे बरणीत हात घातला आणि बुडाला चिकटलेलं कुंभारमाशीचं मातीचं घरटं खरवडून काढलं. मग बरणी देवळाच्या घंटेसारखी वाजली. त्या दिवशी वहिनींनी कानाला खडा लावला: आत पाहिल्याशिवाय टिचकी मारायची नाही. पण चष्मेवाल्यांच्या हाती कोलीत मिळालं होतं. वहिनी काही बोलल्या की ते विचारत, "माशी नाही ना आत?"

अशात एक शिवणकाम करणारी बाई निळा वाडगा घेऊन आली. ज्या घरी ती कपडे शिवायची, त्या घरच्या आजींनी तो तिला दिला होता, आणि तीस वर्षं त्यात बटणं होती. आता ती मुलीकडे राहायला निघाली होती, तिथे जागा कमी. वाडग्याच्या आतून तपकिरी रेघ गेली होती. चष्मेवाल्यांनी ती पाहिली, 'तडा' असं लिहिलं आणि वाडगा चार बिनजोडीच्या बश्यांसोबत एका खोक्यात टाकला. त्या आठवड्यात वहिनी सुनेच्या बाळंतपणासाठी रजेवर होत्या.

कामावर परतल्या ती लिलावाची सकाळ. खोका हलवताना त्यांचा हात वाडग्याला लागला. त्यांनी तो बाहेर काढला, आत पाहिलं, बोटं फिरवली आणि वाजवला. मग पुन्हा वाजवला.

"साहेब, हा धडधाकट आहे."

"रेघ दिसत नाही का?"

"दिसते. पण ती वरच्या झिलईत आहे. भट्टीतच पडली असणार. आत गेलेली नाही."

"कॅटलॉग छापून झालाय, वहिनी. आणि बरणी विसरलात वाटतं?"

"नाही विसरले. म्हणून तर आधी आत पाहिलं."

वहिनी थेट मालकीणबाईंकडे गेल्या. त्यांचा आवाज जराही चढला नव्हता. "मी चुकले, तर उद्यापासून परत पॅकिंगला. पण हा बश्यांच्या खोक्यातून जायचा नाही."

मालकीणबाईंनी वहिनींकडे पाहिलं, वाडग्याकडे पाहिलं. "मग सगळ्यांसमोरच वाजवू," त्या म्हणाल्या.

दिवाणखान्याएवढा लिलावाचा हॉल भरलेला होता. खोक्याची पाळी आली, तेव्हा मालकीणबाईंनी पंखे बंद करायला लावले. वहिनी पुढे आल्या. टेबलावर टॉवेलाची चुंबळ करून त्यांनी वाडगा तीवर ठेवला, पदराला हात पुसला आणि टिचकी मारली.

आवाज उठला, पसरला, शेवटच्या रांगेपर्यंत गेला आणि मग हळूहळू विरला. चष्मेवाले जागेवरून उठले. तिन्ही चष्मे काढून त्यांनी टेबलाशी कान आणला.

"परत एकदा," ते म्हणाले.

वहिनींनी परत वाजवला. चष्मेवाल्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. मग बोली पुकारणाऱ्या हातोडेवाल्याकडचा माइक घेतला. "कॅटलॉगमधली नोंद चुकीची आहे. वाडगा निर्दोष आहे. चूक माझी."

बश्या बाजूला काढल्या आणि वाडग्याची वेगळी बोली सुरू झाली. एका कोपऱ्यातून हात वर, दुसऱ्यातून त्यावर. मागच्या रांगेत बसलेल्या शिवणवाल्या बाईंची पाचावर धारण बसली. शेजारच्याला त्या कुजबुजत विचारू लागल्या, "अहो, हे चिडलेत का? परत देतायत का मला?"

"नाही हो ताई," तो म्हणाला, "भांडतायत ते. तुमच्या वाडग्यासाठी."

हातोडा पडला. वहिनी पाण्याचा ग्लास घेऊन शिवणवाल्या बाईंच्या शेजारी जाऊन बसल्या. "इतकी वर्षं घरात होता, कधी वाजवला नाही तुम्ही?"

"फुटेल म्हणून भीती वाटायची हो."

त्यानंतर तपासणीच्या टेबलाला दोन खुर्च्या लागल्या. चष्मेवाले आधी पाहतात, वहिनी मग वाजवतात आणि दोघांचं जुळेपर्यंत काही लिहिलं जात नाही. जुळत नाही तेव्हा आवाज रस्त्यापर्यंत जातो. कॅटलॉगमध्ये वहिनींचं काम काय म्हणून छापायचं, असा प्रश्न आला, तेव्हा चष्मेवाल्यांनी 'ध्वनिपरीक्षक' असा भारदस्त शब्द सुचवला.

"ते वाचून लोक मला भोंगे दुरुस्त करायला बोलावतील," वहिनी म्हणाल्या. "सरळ 'तपासनीस' लिहा. आणि ती सुरई इकडे द्या, सकाळपासून तुम्ही नुसतीच बघताय."