बाबा गप्प बसले असते तर

सकाळचा प्रसंग डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितेय.

बाबांचं पोटाचं डायलिसिस आम्ही बोळिंजला घरीच करतो. सध्या इन्फेक्शन आहे, म्हणून नर्सनं शिकवल्याप्रमाणे पोटात सोडायच्या द्रवाच्या पिशवीत अँटिबायोटिक टोचायचं असतं. तेव्हा पंखा बंद, मास्क लावायचा आणि कुणी बोलायचं नाही, हा माझा नियम.

आज सुई टोचणार, तेवढ्यात बाबा हातवारे करायला लागले. मी डोळे वटारले. तरी बोललेच, "अगं, दादानं मघाशीच टाकलंय त्यात!"

कामावर निघालेल्या दादाला फोन लावला. "हो गं, टाकलं. पिशवीवर लिहायचं राहिलं."

औषध पाण्यासारखं, दिसणार कसं? मी टोचलं असतं तर डोस दुप्पट झाला असता. नोंद नसलेली पिशवी वापरायची नाही असं नर्सनं बजावलंय, म्हणून ती पिशवीच फेकली.

रोज बाबांना मीच गप्प बसवते. तुमच्याकडे पेशंटला बोलू देता ना?