अर्जुनीतला लिनक्स आणि राइस मिलचा कोंडा

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. राइस मिलच्या मागे कोंडा साचतो ना, तसे ते आपोआप साचतात. कधीतरी चार जुने मित्र भेटतात, कोणीतरी म्हणतं, "मॅडम, ते कीबोर्डचं सांगा ना!" आणि मग चहा थंड होईपर्यंत माझी सुटका नसते.

तर, अर्जुनी मोरगावला मेश्राम सरांचा कम्प्युटर क्लास होता. सहा कम्प्युटर, एक कूलर, आणि भिंतीपलीकडे राइस मिल. मी तिथं शिकवायची. माझ्यासोबत शिकवायला धनराज. धनराजला पगारापेक्षा गेम जास्त प्रिय. साल असेल दोन हजार चार-पाच.

तेव्हा सगळीकडे कॉपी केलेली सीडी टाकून काम चालायचं. सरांना ते मान्य नव्हतं. रोज सकाळी विहारात जाऊन पंचशील म्हणणारा माणूस. एक दिवस येऊन म्हणाले, "न दिलेलं घ्यायचं नाही, असं सकाळी म्हणायचं आणि दहा वाजता चोरीची सीडी लावायची? जमत नाही!" त्यांनी सहाही कम्प्युटर पुसले आणि लिनक्स टाकला. फुकट, आणि राजीखुशीनं दिलेला.

धनराज दोन दिवस जेवला नाही. त्याचे सगळे गेम गेले होते.

* * *

पहिला आठवडा. सर स्वतः काहीतरी इन्स्टॉल करायला बसले. काळ्या स्क्रीनवर लिनक्सनं पासवर्ड मागितला. सरांनी टाइप केला. स्क्रीनवर काहीच उमटेना. अक्षर नाही, चांदणी नाही, टिंबसुद्धा नाही!

सरांनी बटनं जोरात दाबली. कीबोर्ड उलटा करून झटकला. शेवटी "गेला हा" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गोंदियाला जाऊन नवा कीबोर्ड घेऊन आले. लावला. टाइप केलं. पुन्हा काहीच नाही!

तेवढ्यात धनराज आला. "सर, ते दिसतच नाही. कोणी मागून पाहू नये म्हणून लपवून ठेवते. तुम्ही लिहा आणि एंटर मारा."

सरांनी एंटर मारलं. झालं सुरू!

सरांनी नव्या कीबोर्डचं बिल घडी करून खिशात ठेवलं. मग म्हणाले, "इतकं लपवायचं होतं, तर विचारलं कायले?"

* * *

लिनक्सवर थ्रीडी गेम नीट चालेल की नाही, ते पाहायला एक छोटा प्रोग्राम असायचा. त्यात तीन गिअर फिरायचे. लाल, हिरवा, निळा. एकमेकांत दात अडकवून नुसते गरगर फिरत राहायचे, आणि खाली सेकंदाला किती चित्रं होतात तो आकडा यायचा. आकडा मोठा, तर गेम पळणार.

धनराज ते लावून आकडा वाढवत बसला होता. पलीकडच्या मिलचे मिस्त्री, तुरकर काका, आमच्याकडं फोन करायला आले. फोन विसरले आणि धनराजच्या मागे उभे राहिले. पाच मिनिटं. दहा मिनिटं.

"काका, काय पाहून राहिले?"

"लाल गिअर बेस हाये. दात घासत नाही, आवाज नाही. ग्रीस कोणती टाकता?"

"ग्रीस नाही जी, हे चित्र आहे. साठच्या वर गेलं की झालं."

काकांनी मान डोलावली. आणखी थोडं वाकून स्क्रीनच्या वर पाहिलं, खाली पाहिलं, बाजूनं पाहिलं.

"सगळं ठीक हाये. पन धान कुठून टाकायचं?"

* * *

त्या वर्षीच्या मे महिन्यात गेमनी आम्हाला रडवलं. सकाळी गेममधली गाडी सुसाट पळायची. दुपारी बारा वाजले की तीच गाडी बैलगाडी व्हायची! धनराजनं ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलला, तर स्क्रीनच काळी पडली. ती परत आणण्यात दोन दिवस गेले. सेटिंग कमी केल्या, सावल्या बंद केल्या, झाडं बंद केली. गाडी ओसाड मैदानातून धावायला लागली, तरी दुपारी अडखळायचीच.

शेवटी त्यानं इंटरनेटवर लिनक्सवाल्यांच्या एका फोरमवर इंग्रजीत प्रश्न टाकला. दुसऱ्या दिवशी परदेशातल्या कोण्या भल्या माणसाचं उत्तर आलं, "तुमच्या खोलीत तापमान किती आहे?"

भिंतीवर थर्मामीटर होता. धनराजनं पाहून लिहिलं, "त्रेचाळीस."

तो माणूस बिचारा काळजीनं लिहितो, "मग गरम होण्याचा प्रश्नच नाही. उलट इतक्या थंडीत बसू नका, हीटर लावा."

त्याला ते फॅरनहाइट वाटलं!

धनराजनं उत्तर पाठवलं, "भाऊ, हे फॅरनहाइट नाही. हे गोंदिया आहे!"

तरी प्रश्न तिथंच. मग एका दुपारी तुरकर काका आले. त्यांना मशीन बंद पडलेली पाहवायची नाही, मग ती कोणाचीही असो. म्हणाले, "डब्बा तर खोला." आम्ही इतके दिवस ड्रायव्हर, सेटिंग, फोरम सगळं केलं होतं, पण डब्बा उघडला नव्हता. उघडला. आतला पंखा दिसतच नव्हता! त्याच्यावर नुसता जाड पिवळा थर.

"काऊन जी मॅडम," काका म्हणाले, "याच्यात तर आमच्याच मिलचा कोंडा भरून राहिला!"

मिलमधून ब्लोअर आला. सहाही डब्बे साफ झाले. त्या दुपारी गाडी झाडांसकट, सावल्यांसकट पळाली. धनराजनं काकांचे पायच धरले.

काका मात्र जमिनीवरचा कोंडा पेपरवर गोळा करत होते. "काका, असू द्या, मी झाडते," मी म्हटलं.

"नाही जी. माल मिलचा हाये. परत न्यावा लागते."

* * *

आता वाइनचं सांगते. विंडोजचे गेम लिनक्सवर चालवायचे असले तर मध्ये एक सॉफ्टवेअर टाकावं लागतं. त्याचं नावच वाइन!

एका सकाळी गोंदियाहून कोणाचा तरी फोन आला. धनराज फोनवर हिंदीत, आणि नेहमीप्रमाणं मोठ्यानं: "पहले वाइन डालो भाई! बिना वाइन के कुछ नहीं चलेगा। पुरानीवाली मत लेना, नई लो। एक बार में नहीं हुआ तो निकालके फिरसे डालो!"

दारात मेश्राम वहिनी चहाचा ट्रे घेऊन उभ्या. सरांच्या पत्नी. कप खडखडायला लागले.

"अहो!" वहिनींनी सरांना बाहेर बोलावलं. "पाचवं शील काय म्हणते? आणि तुमच्या क्लासमध्ये हे शिकवून राहिले?"

सरांनी समजावलं. मी समजावलं. धनराजनं स्क्रीनवर नाव दाखवलं, त्यानं तर आणखीच बिघडलं. सगळं ऐकून वहिनी म्हणाल्या, "दारू नाही ना? मग नाव बदला. पोरी येतात इथं."

वहिनींचा शब्द शेवटचा. त्या दिवसापासून आमच्या क्लासमध्ये वाइनला 'सरबत' म्हणायला लागले. "सरबत टाकलं का?" "सरबतवर चालत नाही हा गेम." नव्या बॅचला तर खरं नाव माहीतच नव्हतं.

त्या बॅचमधली एक हुशार मुलगी पुढं नागपूरला कॉलेजात गेली. तोंडी परीक्षेत तिथल्या सरांनी विचारलं, विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर कसे चालवाल? पोरीनं ताठ मानेनं सांगितलं, "सर, सरबत टाकून!"

* * *

लिनक्समध्ये मोठं अक्षर वेगळं, लहान अक्षर वेगळं. धनराजनं एका गेमचे नकाशे सीडीवरून कॉपी केले. फोल्डर समोर दिसतंय, आणि गेम म्हणतो सापडत नाही! तीन तासांनी कळलं, फोल्डरचं नाव मोठ्या अक्षरांत होतं आणि गेम लहान अक्षरांत शोधत होता.

सर ऐकत होते. त्यांचा चेहरा लाल झाला. "नाव एक, घर एक, आणि हा मोठा, हा लहान म्हणून ओळख देत नाही? माझ्या क्लासमध्ये हे चालणार नाही! सगळे सारखे करा."

धनराजनं सगळी नावं लहान अक्षरांत केली. गेम चालला.

महिनाअखेर सर्टिफिकेटं छापून आली. खाली संचालक म्हणून सरांचं इंग्रजी नाव, पहिल्यापासून शेवटपर्यंत लहान अक्षरांत!

"धनराज, हे माझं नाव..."

"सगळे सारखे, सर!"

सरांनी पेन काढलं आणि सह्या केल्या.

* * *

उईके बाई आमच्याकडं आल्या तेव्हा त्यांच्या रिटायरमेंटला दोनेक वर्षं राहिली होती. केशोरीकडच्या जंगलातल्या गावांत आरोग्य सेविका. कम्प्युटरची परीक्षा पास नाही झाली तर त्यांचे पेन्शनचे कागद अडणार होते. नाल्याला पूर असताना पलीकडं जाऊन बाळंतपणं केलेली बाई, पण कीबोर्डवर बोट ठेवायची वेळ आली की हात मागं घ्यायची.

"दाबलं आन काही बिघडलं तं?" प्रत्येक बटनाच्या आधी हाच प्रश्न.

दोन आठवडे मी हरले. मग धनराज म्हणाला, "मॅडम, मला द्या." त्यानं तीन नंबरच्या कम्प्युटरवर पेंग्विनचा गेम लावला. बर्फाचा डोंगर, मधेमधे झाडं, पेंग्विन पोटावर घसरत खाली जातो, वाटेतले मासे गोळा करतो. बाणाची चार बटनं. "बाई, काय पाहिजे ते दाबा. इथं काहीच बिघडत नाही."

बाई शिकल्या. पण त्यांचं घसरणं कोणासारखंच नव्हतं. वेग नाही, मासे नाहीत. पूर्ण वेळ ब्रेक दाबून, झाडाच्या बाजूनं हळूच वळवून. पोरं धाडधाड आपटायची. बाईंचं पाखरू एकदाही झाडाला लागलं नाही.

"बाई, जोरानं! टाइम जाऊन राहिला!" धनराज ओरडायचा.

"उतारावर घाई करू नये जी," बाई म्हणायच्या.

हात मागं जायचा थांबला. टायपिंग जमलं. परीक्षेच्या आदल्या दिवशी बाई शेवटचं म्हणून खेळत होत्या, आणि लाइन गेली, सगळे कम्प्युटर बंद. बसची वेळ झाली होती, तशाच उठून गेल्या.

बाई पास झाल्या. महिन्याभरानं पिशवीत टेंभरं, जंगलातली तेंदूची फळं, घेऊन आल्या. सरांनी सगळ्यांसमोर त्यांचं अभिनंदन केलं, वहिनींनी चहा केला. चहा झाल्यावर बाई म्हणाल्या, "ते पाखरू लावून देता का?"

"आता कायले बाई? पास झाल्या ना!"

"लाइन गेली तवा ते अर्ध्या उतारावर होतं. मी तसंच सोडून गेली होती."

धनराज सांगायला लागला, की लाइन गेली की गेम पुसून जातो, आता पुन्हा वरून सुरू होईल. सरांनी त्याचा हात दाबला. त्यानं तीन नंबरवर गेम लावला.

बाईंनी पेंग्विनला वरून हळूहळू खाली आणलं. शेवटची रेषा समोर दिसत होती. तिच्या थोडं अलीकडं एक झाड होतं. बाईंनी त्याला झाडाजवळ नेऊन थांबवलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

घड्याळ चालूच होतं. धनराजला राहवेना. "बाई, रेषा समोरच आहे. एक बटन दाबा, संपते."

"राहू द्या जी. बसू द्या त्याले थोडं सावलीत."

दारात पुढच्या बॅचची पोरं जमली होती. सर त्यांना म्हणाले, "तीन नंबर सोडून बाकीच्यांवर बसा."