कंसातला देश

सरांच्या लेकीचा डावा हात माझ्या हातात होता. डोहाळजेवण होतं. ती बाळंतपणाला माहेरी आलेली, हिरव्या साडीत पाटावर बसलेली, आणि तिच्यासमोर मी, बांगड्यांची पेटी उघडून. आम्ही मनेर. बांगड्या भरणं हा आमचा धंदा. हॉल बायकांनी भरला होता. सर दारात खुर्ची टाकून बसले होते.

वहिनींनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, सगळ्यांदेखत विचारलं, "भाभी, सनाचं काय ठरलं? कोणत्या देशात पाठवता?"

सना माझी मुलगी. तिला डॉक्टर व्हायचंय. परीक्षेत मार्क चांगले पडले, पण सरकारी कॉलेज मिळावं इतके नाही, आणि खाजगीचं नाव काढायची आमची ऐपत नाही. आमच्या मेहकरातून अशी पोरं बाहेरदेशी शिकायला जातात. सरांचा मुलगा जर्मनीत शिकला, म्हणून मी सरांचा सल्ला मागितला होता. "घेऊन या तिला, बघू," असं तेच म्हणाले होते. त्यामुळे सनाही आली होती, कोपऱ्यात बायकांमध्ये बसली होती.

मी म्हणाले, "किर्गिस्तानचं पाहून राह्यलो वहिनी. तिथं माह्या नंदेची..."

पुढचं कोणी ऐकलंच नाही. खुर्चीतून सर म्हणाले, "शेवटी स्तानच ना? मग एवढी विचारपूस कशाला करता भाभी? तुमचा देश तर आधीच ठरलेला आहे."

हॉल हसला. वहिनी हसल्या. पोटावर हात ठेवून लेकही हसली.

बांगडी माझ्या बोटांत कडकन गेली. नशीब, लेकीला लागलं नाही. बांगडी फुटली असं म्हणायचं नसतं. वाढली म्हणायचं. माझ्या तोंडातून सवयीनं निघालं, "वाढली." दुसरी भरली. दोन्ही हात भरून झाले. बांगड्या भरल्या की बाई भरणारीला नमस्कार करते, भरणारी कोणत्याही जातीची असो, हा रिवाज आहे. लेक वाकली. माझा हात तिच्या डोक्यावर गेला. "सुखी राय माय." आशीर्वादही सवयीनंच निघाला. सरांच्या बोलण्यापेक्षा मला त्या आशीर्वादाचा जास्त राग आला.

बाहेर पायरीवर सना चपला घालत होती. नाश्त्याची प्लेट तिनं तशीच ठेवली होती.

याच सरांनी तिला शाळेत मराठी शिकवलं. रोज प्रार्थनेला प्रतिज्ञा सांगायला तेच तिला पुढे उभं करायचे. "मुसलमानाची असून उच्चार बघा पोरीचे," असं पालकसभेत म्हणाले होते. मी तेव्हा पदर सावरून खुशीत बसले होते. त्यातला 'असून' मला तेव्हा टोचलाच नाही. आता टोचतो.

किर्गिझस्तान आम्ही हवेत ठरवलं नव्हतं. रोहिणखेडच्या माझ्या नणंदेची मुलगी तिथंच डॉक्टरकी शिकते. तिथं आपल्याकडच्या पोरी आहेत, मेसमध्ये वरण-भात मिळतो, थंडी मात्र हाडं गोठवते, असं ती फोनवर सांगायची. सना तिला सतरा गोष्टी विचारायची. गरम मोजे इथूनच न्यावे की तिथं घ्यावे, यावर दोघींचं भांडणही झालं होतं.

डोहाळजेवणानंतर मोज्यांचं नाव निघालं नाही. दुसऱ्या दिवशी मी भाकरी टाकत होते, तेव्हा ती म्हणाली, "अम्मी, मले जॉर्जियाले जायचं हाय."

"काऊन? तिथं तं आपलं कोणीच नाही. आन् महाग हाय."

"त्याच्या नावात स्तान नाही."

तव्यावरची भाकरी उलटायची राहिली. करपली.

मग तिनं मला समजावलं. दुखावली की सना शाळेतली मराठी बोलते, सरांनी शिकवलेली. "अम्मी, बाहेर शिकून आलेल्या डॉक्टरच्या पाटीवर नावाखाली कंसात देश लिहिलेला असतो. बसस्टँडजवळच्या दवाखान्यावर बघ, कंसात रशिया आहे. लोक वाचतात आणि वर जातात. माझ्या पाटीवर वर सना असेल आणि कंसात स्तान. माझी पायरी कोण चढेल?"

करपलेली भाकरी मी तव्यावरून काढून बाजूला टाकली.

मुलीला पाठवायचं तर लोक कॉलेज बघतात, खर्च बघतात, जेवण बघतात, पोरीच्या जिवाला धोका तर नाही ना, ते बघतात. माझ्या मुलीनं देश बघितला तो त्याच्या नावाचं शेपूट बघून. जिनं अजून कोणाची नाडी धरली नाही, ती पोर न झालेल्या दवाखान्याची पाटी लपवत होती.

जॉर्जिया झेपणार नव्हतं. तिचे अब्बा बीबी गावच्या बाजारात बांगड्यांचं दुकान मांडतात. त्यांनी चार ठिकाणी चौकशी केली, पण तेवढा पैसा कुठूनच जमत नव्हता. सना म्हणाली, "राहू द्या. इथंच बीएस्सी करते." पुस्तकं तिनं पलंगाखाली सरकवली. भांडण झालं असतं तर बरं वाटलं असतं.

मग वहिनींचा निरोप आला. लेकीला मुलगा झाला, बारशाला बांगड्या भरायला या. जायचं नाही असं ठरवलं होतं. तरी गेले. रागच मला घेऊन गेला.

तोच हॉल, त्याच बायका. आधी वहिनींचा उजवा हात भरला. डावा हातात घेतला आणि सर नातवाला घेऊन बाहेर आले. खुशीत होते. "काय भाभी, गेली का सना स्तानात?"

पुन्हा तेच हसू. वहिनींच्या पंजावर अडलेली बांगडी माझ्या बोटांखाली कडकन गेली. वहिनी चटकन म्हणाल्या, "वाढली हो, वाढली."

"नाही वहिनी," मी म्हणाले. "फुटली."

बारशाच्या घरात हा शब्द कोणी काढत नाही. मला माहीत होतं, म्हणूनच काढला.

सर म्हणाले, "भाभी, गंमत केली हो. तुम्ही तर आमच्या घरच्याच."

"घरच्या माणसाले कोणी दुसरा देश दाखवत नाही, सर."

मी पेटी बंद केली. एक हात भरून दुसरा रिकामा टाकून मनेरीण उठत नाही. माझी सासू कधी उठली नाही, तिची सासूही नाही. मी उठले. वहिनी डावा हात तसाच पुढे धरून बसल्या होत्या. नमस्कार राहिला तो राहिलाच.

त्या गल्लीतून आता मला बोलावणं येत नाही. अपशकुनी म्हणतात. म्हणोत. धंदा पडला हे मात्र खरं, आणि त्याचं मला वाईट वाटतं हेही खरं.

घरी येऊन मी पलंगाखालची पुस्तकं ओढून काढली. सनाला म्हणाले, "तू किर्गिझस्तानलेच जाशीन." तो मधला झ मी नणंदेच्या मुलीकडून फोनवर घोटून घेतला होता.

"तू कोणाकोणाले समजावशीन, अम्मी?"

"कोणालेच नाही."

ती हो म्हणाली, पण हसली नाही. मोज्यांचं अजून विचारत नाही. ती जाईल, पण मनापासून नाही, आणि तिच्यातला तो आनंद परत आणणं माझ्या हातात नाही.

ती शिकून परत येईल तेव्हा मेहकर बदललेलं असेल, अशी माझी समजूत नाही. तो हॉल तसाच हसत असेल. तिची पायरी कदाचित कोणी चढणार नाही. पण पाटी लागेल. रंगवणाऱ्याच्या शेजारी मी उभी राहीन. नाव जेवढ्या अक्षरात, तेवढ्याच अक्षरात कंसातला देश. एक अक्षर लहान काढू देणार नाही.