ध्यानाच्या वर्गातून आज मी मध्येच उठून आलो

मंडळी, सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून इथे लिहितोय.

मी अडुसष्ट वर्षांचा. सत्तावीस वर्षं मुरुड-अलिबाग एसटी चालवली. बीपी वाढल्यापासून ज्येष्ठांच्या ध्यानवर्गाला जातो.

आज वर्ग घेणाऱ्या ताई म्हणाल्या, "डोळे मिटा, फक्त श्वासाकडे लक्ष द्या." माझं मन नेहमीप्रमाणे गाडी घेऊन निघालं. मुरुड, नांदगाव, काशीद... आणि कोर्लईच्या अलीकडचं गावच आठवेना. रोज थांबायचो तिथे! डोळे उघडून मी उठलोच.

"काका, बसा ना, होईल शांत," ताई म्हणाल्या. मी चपला घालून तडक घर गाठलं.

बायको, सुलभा, मागच्या दारी विळीवर मासे कापत होती. मी दोनदा विहिरीपर्यंत फेऱ्या मारल्या आणि शेवटी विचारलं, "काशीदच्या पुढे कुठलं गाव गं?"

"बोर्ली," ती म्हणाली. मग हातातला मासा खाली ठेवला. "दोन महिने बघते हाय मी. गॅस चालू राहतो, नावं चुकतात. तुम्ही आपणहून सांगाल म्हणून गप्प होते."

आणि मला वाटत होतं, मी लपवतोय!

सोमवारी दोघं अलिबागला डॉक्टरांकडे जाणार आहोत. वर्गही सोडणार नाही, कारण डोळे मिटून बसलो नसतो तर ही भीती अजून वर्षभर टाळली असती. पण आज एका जागी बसवत नाहीये.

तुमच्यापैकी कोण घरच्यांपासून असं काही लपवतंय? आजच सांगून टाकाल का?