चाकातला खडा आणि बाबा

आज स्वतःचाच राग येतोय.

नागपूरहून आलेल्या माझ्या सासऱ्यांनी, बाबांनी, मागच्या रविवारी इथे अमेरिकेत, रेडमंडमध्ये, हौसेने माझी गाडी चालवली. सोमवारी चाकातून करकर आवाज यायला लागला. मी फटकन म्हणाले, "बाबा, फुटपाथच्या कडेला घासलीत ना?" त्यांनी नंतर किल्लीला हात लावला नाही.

आज गॅरेजमध्ये चाक काढलं, तर ब्रेकच्या डिस्कमागे खडा अडकलेला! सोमवारी सकाळीच शॉर्टकट म्हणून खडीच्या रस्त्याने गाडी नेली होती मीच.

घरी येऊन मी बाबांना सॉरी म्हणाले, किल्ली पुढे केली. "चला, देवळात जाऊ. तुम्ही चालवा."

"नको गं, माझा काही भरवसा नाही."

किल्ली अजून माझ्याच हातात आहे. सांगा, काय करू?