आधी जीभ दाखव

टीबीच्या गोळ्यांनी माझं लिव्हर सुजलं, डोळे पिवळे. सरावलीच्या चाळीत मला सगळे नवरदेव बोलायचे, हळद लागलेला. डॉक्टरनी गोळ्या बदलल्या. शेजारची भाजीवाली मावशी रोज काविळीवर भुईआवळीचा पाला वाटून रस आणायची. तिची बोटं कायम हिरवी. पण आधी गोळी गिळायला लावायची.

"जीभ दाखव. हां, आता पी."

एकदा मस्करीत मी गोळी गालात लपवली, रस प्यायलो आणि गोळी काढून दाखवली. वाटलं, हसेल. ती मटकन खाली बसली.

"माझा नवराबी नुसता रस प्यायचा. मेल्यावर उशीखाली गोळ्या गावल्या. मीच बोलली होती रे, रसानं बरा होशील."

आता ती दारात दिसली की मी गोळी गिळून माकडासारखा जीभ काढून बसतो. ती हसत नाय. वाकून नीट बघते, मगच पेला देते.